दोन पडद्यांचं नवं टॉकीज : चित्र चोख, शुक्रवार एकसुरी

जळगाव-सुरत रेल्वेलाईनवरच्या आमच्या तालुक्याच्या गावात, जुन्या टॉकीजच्या जागेवर दोन पडद्यांचं नवं थिएटर उभं राहिलं आहे. त्याबद्दल सविस्तर लिहितो आहे. नाव देत नाही, कारण लिखाणात तक्रारीही आहेत आणि त्या मी मालकांना समोर बसून सांगून झाल्या आहेत. गावातल्या माणसाला नावाची गरज नाही. बाहेरच्याला आपल्या तालुक्यातलं थिएटर पारखायला यातलं काही उपयोगी पडलं तरी पुष्कळ झालं.

मी भुसावळच्या एका वितरकाकडे फिल्म रिप्रेझेंटेटिव्ह होतो. आता हा धंदाच उरला नाही, म्हणून काय करायचो ते सांगतो. सिनेमाच्या प्रिंटची पत्र्याची पेटी घेऊन गावोगावच्या टॉकीजवर जायचं, प्रत्येक शोला खिडकीवरची तिकिटं मोजायची, डीसीआरवर म्हणजे रोजच्या कलेक्शनच्या तक्त्यावर मॅनेजरसोबत सही करायची, वितरकाचा हिस्सा घ्यायचा आणि पेटी पुढच्या गावाला रवाना करायची. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी पीजे, चाळीसगावहून धुळ्याची गाडी, सुरत लाईनची पॅसेंजर, सगळ्यांत ती पेटी माझ्या पायाशी असायची. मुंबईहून आलेली लाईन भुसावळला फुटते, एक फाटा नागपूरकडे, एक इटारसीकडे. पेट्या चहूकडे पाठवायला यापेक्षा सोयीची जागा नव्हती, म्हणून वितरकांनी इथे ऑफिसं थाटली आणि सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन या सिनेमा धंदेवाल्यांच्या संघटनेचं ठाणंही भुसावळचंच. इंग्रजांचा सी. पी. अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, नकाशावरून कधीच गेला, पण सिनेमाच्या धंद्यात 'सी. पी. बेरार' हे सर्किट, म्हणजे वितरणाचा विभाग, अजून त्याच नावाने चालतं.

तेव्हा थिएटर बघताना माझी नजर आधी पडद्यावर जाते, खुर्चीवर नंतर.

पडदा उत्तम आहे. प्रोजेक्टर लेझरचा आहे आणि उजेड कोपऱ्यापर्यंत सारखा पोचतो. डिजिटल सिनेमाच्या मानकात पडद्यावरच्या उजेडाचं माप ठरलेलं असतं, 14 फूट-लॅम्बर्ट. पुष्कळ जुन्या थिएटरांत दिव्याचे तास वाचवायला तो मंद चालवतात, मग रात्रीच्या प्रसंगात कोण कुणाला मारतंय ते कळत नाही. इथे तसं नाही. काळ्या घोंगडीवर बसलेला काळा कुत्रा मला सहाव्या रांगेतून स्पष्ट दिसला. पहिल्या पडद्याचा आवाजही स्वच्छ, संवाद मधल्या स्पीकरमधून नीट येतात. दुसऱ्या पडद्याच्या हॉलमध्ये मागचा डावा स्पीकर मुका आहे. तीन वेगवेगळ्या सिनेमांना तो मुकाच होता, म्हणजे दोष सिनेमाचा नाही, वायरिंगचा किंवा अॅम्प्लिफायरचा. हे सांगितल्यावर मॅनेजरांनी लिहून घेतलं, पण अजून दुरुस्ती नाही.

एसी चांगला. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात असतो तेव्हा दुपारच्या शोला निम्मे लोक गारव्यासाठी येतात, आणि त्यात वावगं काही नाही. खुर्च्या मऊ, दोन रांगांतलं अंतर ऐसपैस. वरच्या सोफ्याच्या रांगेला दुप्पट पैसे मोजू नका, तिथून पडदा फार खाली दिसतो. ई किंवा एफ रांगेतल्या मधल्या खुर्च्या घ्या.

सकाळच्या शोचं तिकीट मालकांनी शंभर रुपयांच्या आत ठेवलं आहे. सप्टेंबर 2025 पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याच्या वर गेलं की 18. तो फरक इथे गिऱ्हाइकाला मिळतो. घरची सगळी माणसं घेऊन सिनेमाला जाणाऱ्याला हे तिकीट परवडतं, आणि तालुक्याच्या गावात थिएटर जगायचं तर घरंच्या घरं आली पाहिजेत.

प्रोजेक्शन रूम बघायची परवानगी मागितली, ती मिळाली. ऑपरेटर पोरगा तरुण आहे, मला नाना म्हणतो, हौसेने सगळं दाखवलं. आमच्या वेळी अडीच तासांचा सिनेमा म्हणजे साडेतेरा हजार फूट पट्टी, हजार फुटांचं एक रीळ धरलं तर चौदा रिळं. एक मशीन संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका चमकायचा, तो दिसताच ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करायचा. दोन टॉकीजमध्ये एकच प्रिंट असली की रिळं सायकलवरून इकडून तिकडे पळायची. आता खोलीत पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येते. सिनेमा सॅटेलाईटवरून किंवा हार्डडिस्कवर एक-दोन दिवस आधी येऊन सर्व्हरमध्ये पडलेला असतो, पण कुलूपबंद. त्याची किल्ली, केडीएम म्हणतात तिला, ईमेलने येते. ही किल्ली त्या एकाच सर्व्हरला लागते आणि ठरलेल्या तारखांपुरती, ठरलेल्या वेळांपुरती चालते. तारीख सरली की तोच सिनेमा त्याच मशीनमध्ये असून उघडत नाही. कोणता शो किती वाजता चालला याची नोंद सर्व्हर स्वतः ठेवतो, तिकिटं कॉम्प्युटरवर फाटतात. माझं सगळं काम त्या पेटीएवढ्या यंत्रात आहे. प्रामाणिकपणे सांगतो, ते माझ्यापेक्षा नीट करतं. ज्या गावांत तिकिटांच्या चोरीवरून रात्री भांडणं व्हायची, तिथे आता हिशोब सरळ आहे.

या किल्लीमुळेच मी गेलो त्या एका शुक्रवारी सकाळचा शो पाऊण तास उशिरा लागला. सर्व्हर दुरुस्तीत बदलला होता आणि किल्ली जुन्या सर्व्हरच्या नावाची आली होती. मॅनेजरांनी हॉलमध्ये येऊन खरं कारण सांगितलं, ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांना पैसे परत दिले, थांबलेल्यांना चहा दिला. या वागण्याचे गुण मी पूर्ण देतो.

आता मुख्य गोष्ट. लुमिएर बंधूंचा खेळ पॅरिसला 28 डिसेंबर 1895 रोजी झाला आणि 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. आगबोटींच्या जमान्यात सिनेमा सहा-सात महिन्यांत सातासमुद्रापलीकडून आला. आणि त्यानंतर नव्वद वर्षांनीही मुंबईत लागलेला सिनेमा आमच्या गावाला यायला तेवढेच महिने लागायचे. प्रिंट महाग, त्यामुळे मोजक्याच निघायच्या. त्या आधी मुंबई-पुण्यात घासायच्या, मग जिल्ह्याला, मग तालुक्याला. आमच्यापर्यंत आली तेव्हा पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस पडत असायचा. नव्या थिएटरमध्ये अमेरिकेतला मोठा सिनेमा तिथल्याच शुक्रवारी लागतो, आणि लॉस एंजेलिसमध्ये दिसतो तसाच स्वच्छ दिसतो. रिळांच्या ओरखड्यांतून सिनेमा बघत वाढलेल्या माणसाला याचं मोल काय आहे ते नव्या पोरांना सांगून समजणार नाही. मला ते पहिल्या दिवशी बघताना भरून आलं.

पण याच शुक्रवारने दुसरी एक गोष्ट हिरावली. पूर्वी गावात तीन टॉकीज आणि तिन्हीत वेगवेगळं. एकात नवा हिंदी, एकात हाँगकाँगचे मारामारीचे डब केलेले सिनेमे, एकात जुना हिंदी किंवा मराठी. भुसावळला रेल्वे आणि ऑर्डनन्स फॅक्टरीमुळे केरळचे, आंध्रचे, बंगालचे लोक, त्यांच्यासाठी रविवारी सकाळी त्यांच्या भाषेतला सिनेमा मी स्वतः लावला आहे. जुनी प्रिंट थोड्या ठोक भाड्यात मिळायची, त्यामुळे मालक धोका पत्करायचा. आखाजीला लेकी माहेरी आल्या की एक मराठी कौटुंबिक सिनेमा ठरलेला, आणि दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की मोठ्या हिंदी सिनेमाला रांगा. मालकाला गिऱ्हाईक ओळखून पाटी लावावी लागायची.

डिजिटलमध्ये प्रिंटचा खर्च गेला असं लोक समजतात. तो वेगळ्या वेशात परत आला. निर्मात्याला किंवा वितरकाला प्रत्येक पडद्यामागे डिजिटल कंपनीला फी भरावी लागते, तिला व्हीपीएफ म्हणतात. मोठ्या सिनेमाला ती जाणवत नाही. छोट्या मराठी सिनेमाला दोनशे पडद्यांवर जायचं तर ती फी पोस्टर लागायच्या आधीच कंबर मोडते. शिवाय मोठा सिनेमा पाहिजे असेल तर सगळे शो द्या, अशी वितरकाची अट येते. नाही म्हणायची ताकद दोन पडद्यांच्या मालकात नसते. हिस्साही पहिल्या आठवड्यात जास्त जातो. 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचं दोन महिने भांडण चाललं, त्यात तडजोड झाली : पहिल्या आठवड्याला वितरकाला 50 टक्के, मग साडेबेचाळीस, साडेसदतीस, आणि पुढे 30. सिनेमा जितका टिकेल तितका थिएटरवाल्याचा फायदा, पण पुढच्या शुक्रवारी नवा मोठा सिनेमा दारात उभा असतो आणि जुना टिकायच्या आत उतरतो. त्यामुळे या थिएटरच्या दोन पडद्यांवर पुष्कळ आठवडे एकच सिनेमा असतो, फक्त वेळ वेगळी. मी सलग आठवडे पाटी बघत गेलो. मराठी सिनेमा आला तर सकाळी दहाचा शो. शेतमजूर, दुकानदार, शाळेतली बाई, कुणालाच न जमणारी वेळ.

मालकांचं म्हणणं मी ऐकलं. 'नाना, मराठीला माणसं येत नाहीत,' ते म्हणाले. मी म्हणालो, 'भाऊ, दहा वाजता कोण येईल? एक बुधवार संध्याकाळ द्या आणि मग सांगा.' मराठीला मल्टिप्लेक्समध्ये चांगली वेळ मिळावी म्हणून राज्य सरकारने 2015 मध्ये आदेश काढला होता, तेव्हाही बारा ते रात्री नऊ यांच्या मधली वेळ धरली होती. सकाळचा दहाचा शो त्यात बसत नाही.

दुसऱ्या देशांनी हे दुखणं कसं हाताळलं ते बघण्यासारखं आहे. दक्षिण कोरियात प्रत्येक थिएटरने वर्षातले 146 दिवस कोरियन सिनेमा दाखवायचा नियम होता. अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी चालू असताना 2006 मध्ये तो 73 दिवसांवर आला, तेव्हा तिथले नट-दिग्दर्शक रस्त्यावर उतरले. कोरियन सिनेमा तरीही टिकला, आणि 2020 मध्ये इंग्रजीबाहेरच्या भाषेतला पहिला सर्वोत्तम सिनेमा म्हणून ऑस्कर कोरियालाच गेला. कारण नुसता नियम नव्हता, घरचा प्रेक्षक कित्येक वर्षं सांभाळला होता. फ्रान्समध्ये प्रत्येक तिकिटावर 10.72 टक्के कर आहे, अमेरिकन सिनेमाच्या तिकिटावरसुद्धा, आणि तो पैसा तिथल्या सरकारी सिनेमा केंद्रातून पुन्हा सिनेमा करणाऱ्यांकडे जातो. म्हणजे हॉलिवूडचा सिनेमा जितका चालेल तितका फ्रेंच सिनेमालाही आधार मिळतो. मला ही पद्धत सगळ्यात पटते. आपल्याकडे जीएसटी आहे, पण तिकिटातला तो पैसा असा सरळ सिनेमाकडे वळत नाही.

डबिंगबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण या थिएटरचा निम्मा धंदा डब सिनेमांवर आहे. बोलपट आल्यावर भाषेची अडचण सगळ्या जगाला एकदम आली. पॅरामाउंट कंपनीने पॅरिसजवळ जॉइनव्हिलला स्टुडिओ काढून एकच गोष्ट वेगवेगळ्या भाषांत, वेगवेगळे नट घेऊन, त्याच सेटवर पुन्हा पुन्हा चित्रित केली. आपल्या प्रभातने कोल्हापूरला 1932 मध्ये पहिला मराठी बोलपट केला, तोही मराठी आणि हिंदी असा दोनदा चित्रित करून. पुढे डबिंग स्वस्त पडायला लागलं. आता चित्रासोबत संगीत आणि आवाजांचा ट्रॅक वेगळा येतो, त्यावर फक्त बोलणं नव्याने चढवायचं. अमेरिकन सिनेमा भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू असा येतो. 1994 मध्ये डायनासोरच्या सिनेमाची हिंदी आवृत्ती चालली तेव्हा स्टुडिओंना लहान गावांचा पत्ता लागला. तेलुगू सिनेमे टीव्हीवर हिंदीत बघत एक अख्खी पिढी मोठी झाली, म्हणून 2017 मध्ये बाहुबलीचा दुसरा भाग आला तेव्हा खान्देशातल्या प्रेक्षकाला कुणी ओळख करून द्यावी लागली नाही.

डबिंगचा कस हॉलमध्ये लागतो. माझ्या मागच्या रांगेत एक आजी आणि नातू बसले होते. सिनेमा अमेरिकन, बोलणं हिंदी. दर पाच मिनिटांनी आजी विचारायच्या, 'तो काय म्हनी राहिना रे?' आणि पोरगा अहिराणीत सांगायचा. एका ठिकाणी बाप-लेकाचं भांडण होतं, तिथे पोरगा सांगायच्या आधीच आजी म्हणाल्या, 'मन्हा धाकला बी असाच रुसस.' पुढचा सगळा सिनेमा त्यांनी न विचारता बघितला. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे बेन्शी असत, आणि लोक बेन्शीचं नाव बघून तिकीट काढत. त्या पोराने तेच काम केलं. मी मागे वळून त्याला शाबासकी दिली. एवढा जीव लावून सिनेमा बघणाऱ्या आजीला अमेरिकन सिनेमा मराठीतून का मिळू नये, हा प्रश्न मला पडतो. टीव्हीवर मराठी डबिंग होतं, म्हणजे आवाज देणारी माणसं आहेत. थिएटरसाठी क्वचितच कुणी खर्च करतं.

सबटायटलची तक्रार वेगळी. हिंदी डब सिनेमात मधेच तिसऱ्या भाषेत बोलणं आलं, खाली ओळी आल्या आणि खालची ओळ अर्धी कापलेली. पडद्याच्या कडेचा काळा कपडा, मास्किंग, चित्राच्या खालच्या कडेवर चढला होता. ऑपरेटरने लांबट चित्राऐवजी दुसऱ्या मापाचं सेटिंग लावलं होतं. मध्यंतरात सांगितलं, त्याने लगेच बदललं, पुढे सगळं नीट दिसलं. हे चुकतं कारण सबटायटलवाला सिनेमा इथे लागतच नाही, खालच्या ओळी तपासायची सवय कुणाला नाही. गावातल्या पोरी मोबाईलवर कोरियन मालिका सबटायटल वाचत रात्र-रात्र बघतात. वाचत सिनेमा बघणारं गिऱ्हाईक गावात तयार आहे, थिएटरने अजून त्यांना विचारलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. कॅन्टीनमध्ये पॉपकॉर्नचे दर जास्त, पण केळीचे वेफर्स ताजे आणि वाजवी. भेळभत्ता ठेवा असं मी सुचवलं आहे. संडास स्वच्छ, बायकांच्या बाजूला दाराची एक कडी सैल आहे. पार्किंगला मोटारसायकलींसाठी सावली नाही. पाण्याचा कूलर चालू असतो, बाटली घ्यायची सक्ती नाही. अपंगांसाठी उतार केला आहे, पण दुसऱ्या हॉलच्या दाराशी एक पायरी तशीच राहिली आहे.

माझा निर्वाळा : चित्र आणि आवाजासाठी जळगावपर्यंत जायची गरज आता उरली नाही. पहिल्या पडद्याला पाचपैकी साडेचार, दुसऱ्याला स्पीकर दुरुस्त होईपर्यंत साडेतीन. वागणुकीला पाच. सिनेमांच्या निवडीला दोन, आणि तो आकडा वाढावा असं मनापासून वाटतं.

त्यावर मालकांशी एक बोलणं ठरलं आहे. बुधवारी संध्याकाळी साडेसहाचा दुसऱ्या पडद्याचा शो ते महिन्यातून एकदा सोडायला तयार आहेत : एकदा मराठी, एकदा बाहेरच्या देशाचा सबटायटलवाला. अट अशी की चाळीस तिकिटांची हमी आधी पाहिजे. पूर्वी वितरक टॉकीजवाल्याकडून मिनिमम गॅरंटी घ्यायचा, आता ती प्रेक्षकांनी द्यायची आहे. नावं लिहायची वही तिकीट खिडकीवर ठेवली आहे, मागून घ्या. पैसे आत्ता द्यायचे नाहीत. सिनेमा ठरला की फोन येईल. कोणता बघायला आवडेल तेही नावापुढे लिहा, भाषा कुठलीही चालेल. मिळवून देण्यासाठी मुंबईला फोन करायचं काम माझ्याकडे आहे.